विश्लेषण : क्लाउड सर्व्हरचा डॅशबोर्ड शेअर करताना लिंकसोबत आणखी काय जाते?

पुणे, नाशिक, कोल्हापूरमधल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांना महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ग्राहकांकडून हमखास एक प्रश्न येतो : ‘सर्व्हरचे बिल एवढे कसे आले?’ त्यावर बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवर एक स्क्रीनशॉट जातो. त्यात दोन-चार वेड्यावाकड्या रेषा, एखादे उंच टोक आणि खाली तारखा. ग्राहकाचे समाधान होत नाही, कारण त्या रेषांचा अर्थ त्याला लागत नाही. कंपनीतला इंजिनीअर वैतागतो, कारण पुढच्या महिन्यात पुन्हा हेच करायचे असते. मग कुणीतरी सुचवते, ‘त्यांना डॅशबोर्डची लिंकच देऊन टाका.’

सूचना योग्यच आहे. ज्याच्या खिशातून पैसे जातात, त्याला वापर दिसलाच पाहिजे. पण त्यासाठी कोणते टूल घ्यायचे या चर्चेत बहुतेक वेळ आलेख किती देखणे, पार्श्वभूमी काळी की पांढरी, मोबाइलवर कसे दिसते यातच जातो. खरा फरक वेगळ्याच ठिकाणी आहे. लिंक उघडणाऱ्याला फक्त आखून दिलेले आलेख दिसतात, की त्या लिंकच्या आडून तो खात्यातली इतर माहितीही मागू शकतो, हा तो फरक. लोकप्रिय साधने या एका मुद्द्यावर एकमेकांपासून फार वेगळी वागतात. जाहिरातींत मात्र त्याबद्दल अवाक्षर नसते.

डॅशबोर्डमागे काय चालते?

कोणत्याही डॅशबोर्डमागे तीन कामे असतात. पहिले, सर्व्हरवरून आकडे गोळा करणे : प्रोसेसर किती टक्के गुंतलेला आहे, मेमरी किती उरली, डिस्क किती भरली, नेटवर्कवरून किती डेटा गेला. अशा मोजल्या जाणाऱ्या एकेका आकड्याला मेट्रिक म्हणतात. दुसरे काम, हे आकडे वेळेच्या क्रमाने साठवणे. आणि तिसरे, त्यांचे चित्र काढणे.

ॲमेझॉनचे क्लाउडवॉच, गुगलचे क्लाउड मॉनिटरिंग आणि मायक्रोसॉफ्टचे अझूर मॉनिटर ही तिन्ही कामे आपापल्या क्लाउडपुरती स्वतःच करतात. ग्राफाना मुख्यतः तिसरे काम करते. टॉरकेल ओडेगार्ड या स्वीडिश प्रोग्रामरने २०१४ मध्ये ‘किबाना’ या आधीच्या साधनावरून ते घडवले. आकडे ते दुसरीकडून आणते. क्लाउडवॉचमधून, प्रॉमिथियसमधून किंवा साध्या डेटाबेसमधूनही. साउंडक्लाउड या संगीत कंपनीत २०१२ मध्ये जन्मलेले प्रॉमिथियस पहिल्या दोन कामांत तरबेज आहे, चित्र काढण्यात बेताचेच. म्हणून ही दोन नावे बहुतेक ठिकाणी जोडीने येतात. झॅबिक्स आणि नेटडेटा सगळेच करतात. डेटाडॉगही करते, पण ती पैसे मोजून घ्यायची सेवा आहे.

घोळ होतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या कामाच्या मध्ये. चित्र पाहायचे तर कुणीतरी गोदामात जाऊन आकडे मागावे लागतात. ती मागणी पाहणाऱ्याच्या ब्राउझरमधून थेट जाते की मधला सर्व्हर ठरलेलीच मागणी त्याच्या वतीने करतो? आणि मागणाऱ्याला गोदामाचे किती खण उघडण्याची मुभा असते? साधन निवडताना विचारायचे ते हे.

स्क्रीनशॉटने काय बिघडते?

स्क्रीनशॉट खोटा नसतो, पण तो कुणीतरी निवडलेला असतो. कोणत्या तारखांचा, कोणत्या सर्व्हरचा, किती मिनिटांच्या सरासरीचा, हे पाठवणारा ठरवतो. यातली सरासरी सर्वांत फसवी. समजा एखादा सर्व्हर तासातली १० मिनिटे १०० टक्के भाराखाली गुदमरला आणि उरलेली ५० मिनिटे १० टक्क्यांवर शांत होता. तासाची सरासरी येते २५ टक्के. आलेखावर तो तास आरामाचा दिसतो. त्या १० मिनिटांत ज्यांचे पेमेंट अडकले, त्यांचा अनुभव मात्र वेगळा असतो.

जुन्या तारखांचा स्क्रीनशॉट तर आणखी गुळगुळीत असतो. क्लाउडवॉच एक मिनिटाच्या अंतराचे आकडे १५ दिवस ठेवते, पाच मिनिटांचे ६३ दिवस आणि तासाचे ४५५ दिवस. म्हणजे गेल्या तिमाहीतल्या तक्रारीचा तपास आज करायला घेतला, तर त्या १० मिनिटांच्या कोंडीची सरासरी बारीक तपशिलासह विरघळून गेलेली असते. ग्राहकाला स्वतः तारखा बदलून पाहता येणारा जिवंत डॅशबोर्ड वेळच्या वेळी मिळणे म्हणूनच महत्त्वाचे.

लिंक मिळालेल्याला नेमके काय दिसते?

क्लाउडवॉचपासून सुरुवात करू, कारण एडब्ल्यूएसवर असलेल्यांच्या हाताशी ते आधीपासूनच असते. सप्टेंबर २०२० पासून त्यातला डॅशबोर्ड एडब्ल्यूएसचे खाते नसलेल्यांनाही दाखवता येतो. त्यासाठी तीन वाटा आहेत. एक डॅशबोर्ड जास्तीत जास्त पाच ई-मेल पत्त्यांना द्यायचा आणि त्यांनी आपापला पासवर्ड ठेवायचा. लिंक सरळ सार्वजनिक करायची. किंवा कंपनीच्या सिंगल साइन-ऑनमार्फत खात्यातले सगळे डॅशबोर्ड खुले करायचे.

पडद्यावर पाहणाऱ्याला फक्त तो डॅशबोर्ड दिसतो. मात्र ॲमेझॉनच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेत एक इशारा आहे, जो शेअरचे बटण दाबण्याच्या घाईत वाचायचा राहतो. डॅशबोर्ड पाहणाऱ्याला मिळणारी परवानगी ठरावीक आलेखांपुरती आवळता येत नाही. ज्याच्याकडे लिंक आहे त्याला तांत्रिकदृष्ट्या त्या खात्यातली सगळी मेट्रिक आणि सगळ्या ईसी-टू सर्व्हरांची नावे व टॅग मागता येतात. लिंक सार्वजनिक असेल तर ही मुभा लिंक मिळालेल्या प्रत्येकाला.

छोट्या कंपन्यांच्या कामाच्या पद्धतीत याचा अर्थ काय होतो ते पाहावे. अनेक ठिकाणी पाच-सहा ग्राहकांचे सर्व्हर एकाच एडब्ल्यूएस खात्यात असतात. सर्व्हरच्या नावातच ग्राहकाचे नाव, ‘प्रॉड’, ‘टेस्ट’, ‘डेटाबेस’ असे शब्द असतात. टॅगमध्ये प्रकल्पाचे नाव आणि कधी कधी जबाबदार माणसाचा ई-मेलही. एका ग्राहकाला पारदर्शकतेपोटी दिलेल्या लिंकमधून दुसऱ्या ग्राहकाकडे किती सर्व्हर आहेत आणि ते किती वाजता धापा टाकतात, हे जाणकाराला काढता येते. सामान्य ग्राहक असे काही करणार नाही, हे खरे. पण फॉरवर्ड होत गेलेली लिंक सामान्य ग्राहकाकडेच थांबेल याची हमी कोण देणार?

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. एडब्ल्यूएस ऑर्गनायझेशन्स या सोयीखाली प्रत्येक ग्राहकासाठी वेगळे खाते काढता येते; त्याचे वेगळे शुल्क नाही आणि बिल एकत्रच येते. मग लिंकमधून गळायचेच झाले तर त्या ग्राहकाचे स्वतःचेच आकडे गळतील. आधी हे वेगळे करणे आणि मग शेअर करणे, असा क्रम हवा. प्रत्यक्षात तो बहुधा उलटा असतो.

ग्राफानात शेअर करण्याच्या वाटा जास्त आहेत आणि म्हणूनच गोंधळही जास्त. सर्वांत जुनी वाट म्हणजे निनावी प्रवेश : सेटिंगमध्ये एक ओळ बदलली की लॉगिनशिवाय डॅशबोर्ड उघडतो. इंटरनेटवरील अर्ध्या ट्युटोरियलांमध्ये हाच सल्ला सापडतो. यात मेख अशी, की ग्राफानातील साध्या ‘व्ह्यूअर’ला पडद्यावर फक्त पाहायची सोय असली, तरी त्याचा ब्राउझर जोडलेल्या डेटा स्रोताला कोणताही प्रश्न विचारू शकतो, डॅशबोर्डवर जे आहे तेवढेच नव्हे. स्रोत जर ग्राहकांच्या नोंदी असलेला डेटाबेस असेल, तर हे गोदामाच्या किल्ल्या काउंटरवर ठेवून जाण्यासारखे झाले. निनावी प्रवेश कार्यालयातल्या भिंतीवरच्या टीव्हीसाठी ठीक, बाहेरच्यांसाठी अजिबात नाही.

२०२२ पासून ग्राफानाने सार्वजनिक डॅशबोर्डची वेगळी सोय आणली. तिची रचना नेमकी या दुखण्यावर आहे. पाहणाऱ्याच्या हाती एक लांबलचक, अंदाज बांधता न येणारी लिंक असते. प्रश्न त्याचा ब्राउझर ठरवत नाही. डॅशबोर्डमध्ये साठवलेलेच प्रश्न ग्राफानाचा सर्व्हर विचारतो आणि फक्त उत्तरे पुढे पाठवतो. तारखा बदलू द्यायच्या की नाही हेही ठरवता येते, आणि लिंक थांबवता किंवा कायमची रद्द करता येते. शेअर करण्याच्या दृष्टीने आज सहज उपलब्ध असलेल्या पर्यायांत ही रचना सर्वांत शहाणी म्हणावी लागेल.

याशिवाय ‘स्नॅपशॉट’ असतो. त्या क्षणी दिसणारे आकडे गोठवून त्याची लिंक करायची. त्यातून मूळ प्रश्न, स्रोतांचे तपशील काढून टाकलेले असतात. एखाद्या घटनेचा अहवाल देताना हा प्रकार उत्तम. मात्र आलेखाच्या खाली लिहिलेली सर्व्हरची नावे त्यात तशीच राहतात, हे पाठवण्यापूर्वी डोळ्यांनी पाहावे लागते. तसेच, ऑक्टोबर २०२१ मध्ये ग्राफानाच्या स्नॅपशॉट व्यवस्थेतच एक त्रुटी उघड झाली होती, ज्यामुळे लॉगिनशिवाय काही स्नॅपशॉट पाहता येत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ८.० ते ८.३ या आवृत्त्यांमध्ये त्याहून गंभीर दोष सापडला. लॉगिन न करता सर्व्हरवरच्या फायली वाचता येत होत्या. दोन्ही दोष लगेच दुरुस्त झाले. पण दुरुस्ती कंपनीने केली म्हणजे ती आपल्या सर्व्हरवर पोहोचली असे नसते. स्वतः ग्राफाना चालवायचे तर आवृत्ती वेळोवेळी बदलणारा माणूस हवा, आणि तो ‘फुकट’ साधनाच्या किमतीत धरायला हवा.

प्रॉमिथियसची लिंक तर थेट कुणालाच देऊ नये. हे या लेखाचे मत नाही. ज्याला प्रॉमिथियसच्या पत्त्यापर्यंत पोहोचता येते त्याला त्यातले सगळे आकडे पाहता येतात, असे त्या प्रकल्पाच्याच सुरक्षा टिपणात गृहीत धरलेले आहे.

उघडा राहिलेला पडदा किती महाग पडतो?

याचे सर्वपरिचित उदाहरण टेस्लाचे. फेब्रुवारी २०१८ मध्ये रेडलॉक या सुरक्षा कंपनीने जाहीर केले, की टेस्लाचे कुबरनेटिस हे सर्व्हर हाताळण्याचे प्रणालीचे कन्सोल इंटरनेटवर विनापासवर्ड उघडे होते. तो निव्वळ आलेखांचा डॅशबोर्ड नव्हता, त्यातून कामेही करता येत. आत टेस्लाच्या एडब्ल्यूएस खात्याच्या चाव्या सापडल्या आणि घुसखोरांनी त्या सर्व्हरांवर क्रिप्टो चलन खणायला सुरुवात केली. रेडलॉकने नोंदवलेला एक तपशील इथे विशेष कामाचा आहे. घुसखोरांनी प्रोसेसरचा वापर मुद्दाम कमी ठेवला असावा, म्हणजे वापराच्या आलेखात उंचवटा दिसू नये. ‘सीपीयू तर नॉर्मल आहे’ या वाक्यावर विसंबून झोपणाऱ्यांसाठी एवढे पुरेसे आहे.

मग कुणी काय निवडावे?

सगळे सर्व्हर एडब्ल्यूएसवर, पाहणारे दोन-तीन जण आणि प्रत्येक ग्राहकाचे खाते वेगळे असेल, तर क्लाउडवॉचपलीकडे जाण्याची गरज नाही. ५० मेट्रिकपर्यंतचे पहिले तीन डॅशबोर्ड मोफत असतात, पुढे प्रत्येकी महिन्याला ३ डॉलर. पाच ई-मेलची वाट घ्यावी, सार्वजनिक लिंकची नको.

थोडे एडब्ल्यूएसवर, थोडे अझूरवर, एखादा जुना सर्व्हर कार्यालयातच, अशी खिचडी असेल तर ग्राफाना. ही परिस्थिती महाराष्ट्रात दुर्मीळ नाही. अझूरचे पुण्यातील केंद्र २०१५ पासून, एडब्ल्यूएसचे मुंबईतील २०१६ पासून आणि गुगलचे मुंबईतील २०१७ पासून चालू आहे. ज्या काळात ज्याने सवलतीची क्रेडिट दिली, तिथे त्या वेळचा प्रकल्प जाऊन बसला. ग्राफाना सांभाळायला माणूस नसेल तर ग्राफानाचीच क्लाउड सेवा किंवा अझूर व एडब्ल्यूएसकडून मिळणारे व्यवस्थापित ग्राफाना घ्यावे. महिन्याचे बिल वाढते, पण आवृत्ती बदलण्याची काळजी दुसऱ्याची होते.

एक-दोन स्वस्त व्हर्च्युअल सर्व्हर असलेल्यांना नेटडेटा मोहात पाडते. एका कमांडमध्ये बसते आणि दर सेकंदाचे आलेख दाखवते. स्वतःच्या तपासासाठी ते छान आहे. पण त्यात एवढे आलेख असतात की ग्राहक त्यात हरवून जातो, आणि १९९९९ हा त्याचा पोर्ट फायरवॉलमध्ये न झाकता सोडला तर सर्व्हरवर कोणकोणती सॉफ्टवेअर चालतात हेही जगाला कळते. ग्राहकाला दाखवायचा पडदा आणि इंजिनीअरने वापरायचा पडदा वेगळे असलेले बरे.

डेटाडॉगमध्ये शेअरिंगची सोय नेटकी आहे : सार्वजनिक लिंक किंवा फक्त निमंत्रित ई-मेल. प्रश्न पैशांचा. त्याच्या जाहीर दरपत्रकात प्रो योजना वार्षिक करारावर प्रतिसर्व्हर महिन्याला १५ डॉलरपासून सुरू होते. महिन्याला १० डॉलरच्या सर्व्हरवर १५ डॉलरचा पहारेकरी बसवण्यात शहाणपण नाही.

आणि लेखा विभागाला हवे असते ते वेगळेच. त्यांना दर मिनिटाचा सीपीयू नको, महिन्याचा खर्च कशावर झाला ते हवे. त्यासाठी मॉनिटरिंगचे साधन कशाला? गुगल क्लाउडचे बिल बिगक्वेरीत उतरवून लुकर स्टुडिओत दाखवता येते. तिथेही शेअर करताना एक पर्याय नीट वाचावा : अहवाल ‘मालकाच्या’ ओळखीने आकडे आणतो की ‘पाहणाऱ्याच्या’. मालकाची ओळख ठेवली आणि लिंक सर्वांना खुली केली, तर बिगक्वेरीत काडीचाही अधिकार नसलेल्याला अहवालातले आकडे दिसतात. अनेकदा तेच हवे असते. फक्त ते ठरवून झालेले असावे.

आलेख पाहण्याचेही पैसे पडतात?

पडतात, आणि हे बहुतेकांना बिल आल्यावर कळते. ग्राफाना जेव्हा क्लाउडवॉचमधून आकडे मागते, तेव्हा ॲमेझॉन मागितलेल्या दर १,००० मेट्रिकमागे एक सेंट आकारते. डॅशबोर्डवर ५० मेट्रिक आहेत आणि तो दर ३० सेकंदांनी ताजा होतो असे धरू. दिवसाला २,८८० वेळा, म्हणजे १ लाख ४४ हजार मेट्रिकची मागणी, दिवसाला १.४४ डॉलर, महिन्याला सुमारे ४३ डॉलर. हा झाला एका उघड्या टॅबचा हिशेब. लिंक पाच जणांना दिली आणि पाचही जणांनी ती दिवसभर उघडी ठेवली, तर २१६ डॉलर. ज्या सर्व्हरवर नजर ठेवायची त्याच्या भाड्यापेक्षा नजरेचे भाडे जास्त.

गंमत म्हणजे यातला बहुतांश खर्च वाया जातो. ईसी-टू सर्व्हरचे साध्या मॉनिटरिंगमधील आकडे दर पाच मिनिटांनीच येतात. तोच डॅशबोर्ड पाच मिनिटांनी ताजा केला तर महिन्याचा खर्च ४.३२ डॉलरवर येतो आणि पाहणाऱ्याचे काहीही हुकत नाही. खर्चाच्या आकड्यांचे तर विचारूच नये. एडब्ल्यूएसच्या कॉस्ट एक्सप्लोररला प्रोग्रामद्वारे विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला एक सेंट पडतो. दर मिनिटाला विचारले तर महिन्याला ४३२ डॉलर. आणि ज्या आकड्यांसाठी हे करायचे ते २४ तासांत किमान एकदा, एवढ्याच वेगाने बदलतात.

आकडे खरे, तरी समज चुकीची का होते?

लिंक सुरक्षित दिली, खर्चही आवरला, तरी ग्राहकाच्या हाती पडणारा आलेख त्याची दिशाभूल करू शकतो. ईसी-टूच्या मूळ मेट्रिकमध्ये मेमरी आणि डिस्क किती भरली हे नसतेच. त्यासाठी सर्व्हरवर वेगळा एजंट बसवावा लागतो आणि पहिल्या दहानंतर अशा प्रत्येक मेट्रिकला महिन्याला ३० सेंट पडतात. एजंट नसलेला डॅशबोर्ड देखणा असतो, पण सर्व्हर मेमरी संपून कोसळल्यावर तो निर्विकारपणे सीपीयूची सपाट रेषा दाखवत राहतो.

दुसरी फसगत स्वस्त ‘टी’ मालिकेच्या सर्व्हरांची. टी-टू मायक्रोला प्रोसेसरचा १० टक्के वापर ही मूळ मर्यादा असते. त्याहून जास्त वापर साठवलेल्या क्रेडिटवर चालतो. क्रेडिट संपले की सर्व्हर १० टक्क्यांवर बांधला जातो. आलेखावर ‘१० टक्के’ पाहून ग्राहक म्हणतो, सर्व्हर तर रिकामाच आहे, मग वेबसाइट रांगते कशी? टी-थ्रीमध्ये हेच उलटे होते. तो मूळ मांडणीत थांबत नाही, जादा वापराचे पैसे लावतो. दोन्हींतही क्रेडिटची शिल्लक दाखवणारी रेषा डॅशबोर्डवर नसेल तर बाकीच्या रेषांना फारसा अर्थ उरत नाही.

तिसरी गोष्ट घड्याळाची. एडब्ल्यूएसचे बिल यूटीसी वेळेनुसार चालते. भारतात महिना बदलतो तो १ तारखेला पहाटे साडेपाचला. डॅशबोर्ड कुणी यूटीसीत पाहतो, कुणी भारतीय वेळेत. ‘रात्री साडेनऊला सर्व्हर बंद होता’ आणि ‘आलेखात तर चार वाजता दिसतेय’ हा वाद त्यातूनच येतो. शेअर केलेल्या डॅशबोर्डच्या माथ्यावर ‘भारतीय वेळ’ एवढे दोन शब्द लिहिले तरी कित्येक फोन वाचतील.

सर्व्हरच बंद पडला तर?

२८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनची एस-थ्री ही साठवण सेवा अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया विभागात काही तास कोलमडली. बिलिंग प्रणालीतला दोष शोधताना दिलेल्या एका कमांडमधील चुकीने ठरल्यापेक्षा जास्त सर्व्हर बंद झाले होते. ॲमेझॉनचा सेवास्थिती दाखवणारा डॅशबोर्ड त्या वेळी अद्ययावतच करता येईना, कारण तो चालवणारी यंत्रणाही एस-थ्रीवर अवलंबून होती. कंपनीला ट्विटरचा आणि डॅशबोर्डवर वर लावलेल्या एका पट्टीचा आधार घ्यावा लागला. ज्यांनी जगभर क्लाउड विकले त्यांची ही गत, तर त्याच सर्व्हरवर वेबसाइट आणि त्याच सर्व्हरवर ग्राफाना चालवणाऱ्यांची काय कथा! पाहणारे साधन, जे पाहायचे त्याच्यापासून वेगळ्या जागी असावे. शक्य असल्यास वेगळ्या कंपनीकडे.

डॅशबोर्ड आहे म्हणजे नोंदी जपल्या आहेत, अशीही एक समजूत असते. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना प्रणालींचे लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. प्रॉमिथियस मूळ मांडणीत १५ दिवसांचेच आकडे ठेवते. शिवाय ते आकडे असतात, लॉग नव्हेत. ही दोन वेगळी कामे आहेत आणि दोन्हींची सोय स्वतंत्रपणे करावी लागते.

हे सर्वांसाठी खुले करणे शक्य आहे का?

विकिमीडिया फाउंडेशनने ते केले आहे. विकिपीडिया ज्या सर्व्हरांवर चालतो, त्यांचा ग्राफाना डॅशबोर्ड लॉगिन न करता कुणालाही पाहता येतो. मराठी विकिपीडियाही त्याच यंत्रणेवर आहे. देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेने आपला भार, आपल्या चुका उघड्यावर ठेवल्याने आभाळ कोसळलेले नाही. अर्थात, काय उघडे ठेवायचे हे ठरवणारी अनुभवी माणसे तिथे आहेत, आणि आकडे मुळात उघडे राहतील अशाच बेताने सगळी मांडणी झालेली आहे.

जनतेच्या पैशांवर चालणाऱ्या सर्व्हरांबाबत आपल्याकडे असा प्रयोग करायला हरकत नसावी. दहावीच्या निकालाला सुमारे १५ लाख विद्यार्थी दुपारी एकच्या ठोक्याला एकाच वेळी पडदा ताजा करू लागतात. संकेतस्थळ उघडत नाही, की दोष घरच्या नेटवर्कचा की सर्व्हरचा, हे कुणालाच कळत नाही आणि प्रत्येक जण आणखी चारदा बटण दाबून भार वाढवतो. त्या दिवसापुरते एक साधे पान पुरेल, निकालाच्या सर्व्हरपासून वेगळ्या जागी ठेवलेले. त्यावर तीनच आकडे असावेत : सध्या किती जण पाहत आहेत, उत्तर मिळायला किती सेकंद लागत आहेत आणि १०० पैकी किती विनंत्या अपुऱ्या राहत आहेत. सर्व्हरचे नाव नको, टॅग नको, आलेख मिनिटाला एकदा ताजा झाला तरी चालेल.